ला देफाँसमध्ये तळमजला नेमका कोणता समजायचा?

मुठाकाठ

नमस्कार. कंपनीच्या कामासाठी मी पुण्याहून तीन महिन्यांकरिता पॅरिसला आलो आहे. आमचे कार्यालय प्रत्यक्ष शहरात नसून शहराच्या पश्चिम वेशीबाहेर, सीन नदीच्या पलीकडे, ला देफाँस या उंच इमारतींच्या व्यापारी भागात आहे. पहिल्या दिवशी मेट्रोच्या एक क्रमांकाच्या मार्गाने शेवटच्या स्थानकावर उतरलो, सरकत्या जिन्याने वर आलो आणि ग्रांद आर्श या प्रचंड पोकळ चौकोनासमोर येऊन उभा राहिलो. फोनवरचा नकाशा कार्यालय चारशे मीटरवर असल्याचे सांगत होता. तेवढे चालून गेल्यावर निळा ठिपका बरोबर इमारतीवर जाऊन बसला आणि इमारतही माझ्या शेजारीच उभी होती, पण पत्त्यात ज्या रस्त्याचे नाव होते तो रस्ता काही केल्या दिसेना. कठड्यावरून खाली वाकून पाहिले तेव्हा तो दोन मजले खाली सापडला आणि त्यावरून ट्रक जात होते. उतरायचा जिना शोधण्यात वीस मिनिटे गेली, आणि उतरल्यावर कळले की खाली आहे ते मालाचे दार, माणसांचे दार मी निघालो त्याच पातळीवर, इमारतीच्या मागच्या अंगाला आहे. धापा टाकत परत वर येऊन लिफ्टमध्ये शिरलो, तर ज्या मजल्यावर मी उभा होतो त्याचा आकडा दोन होता.

माझी शंका अशी आहे की रस्ते खाली आणि माणसे वर ही रचना येथे मुळात का केली गेली. पॅरिस शहरात उंच इमारतींना बंदी असल्यामुळे त्या सगळ्या येथे आणून ठेवल्या, असे एका सहकाऱ्याने सांगितले, पण तेवढ्याने रस्ता पायाखाली का गेला हे समजत नाही. या भागात जे प्रत्यक्ष राहतात त्यांना ही रचना सोयीची वाटते का, तेही जाणून घ्यायला आवडेल.

ओळंबा

मुठाकाठ, तुमचा गोंधळ अगदी स्वाभाविक आहे, कारण तुम्ही जिला जमीन समजून चालत होतात ती जमीन नाही, तो स्लॅब आहे. फ्रेंच भाषेत त्याला ‘दाल’ म्हणतात. (वरणाशी त्याचा संबंध नाही, पण येथे आलेला प्रत्येक मराठी माणूस हा विनोद एकदा तरी करतोच.) मी वास्तुरचनेच्या शिक्षणासाठी या देशात आलो तेव्हा पहिल्याच वर्षी आम्हाला ला देफाँसचा उभा छेद, म्हणजे वरपासून खालपर्यंत कापल्यावर दिसेल तसे चित्र, काढायला लावला होता आणि तो काढल्याशिवाय ही जागा कळत नाही, असे माझे आजही मत आहे. वरून काढलेला नकाशा येथे निरुपयोगी ठरतो. तुमच्या फोनचा ठिपका खोटे बोलत नव्हता, त्याला फक्त उंची सांगता येत नव्हती.

तुमच्या सहकाऱ्याने सांगितलेले कारण लोकप्रिय आहे, पण त्यात कालक्रम उलटा झाला आहे. पॅरिस शहरात सरसकट ३७ मीटरची उंचीमर्यादा आली ती १९७७ मध्ये, आणि तीही मुख्यतः १९७३ साली पूर्ण झालेल्या मोंपार्नासच्या मनोऱ्याने शहराच्या क्षितिजाची जी दशा केली ती पाहून लोक हादरले म्हणून. ला देफाँसचे काम त्याच्या जवळजवळ दोन दशके आधी सुरू झाले होते. त्यासाठी ‘एपाद’ ही सरकारी विकास संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी ‘क्निट’ हे प्रदर्शनगृह उभे राहिले. ते पाहिले नसेल तर जेवणाच्या सुट्टीत अवश्य पाहा. त्रिकोणी तळाच्या फक्त तीन टोकांवर टेकलेले काँक्रीटचे ते कवच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २१८ मीटर मोकळे ताणलेले आहे, मध्ये एकही खांब नाही. म्हणजे उंच इमारती हद्दपार करणे हा मूळ हेतू नव्हता. युद्धानंतर कंपन्यांना मोठी कार्यालये हवी होती, मध्य पॅरिसमधल्या जुन्या इमारतींत ती मावत नव्हती आणि लूव्रपासून शाँझेलिझेवरून, विजयकमानीखालून पश्चिमेकडे सरळ जाणारी जी ऐतिहासिक रेषा आहे तिच्या टोकाला वाढायला जागा होती. बंदी नंतर आली आणि तिने या भागाचे आयते भले केले, एवढे मात्र खरे.

वाढायला जागा होती असे मी लिहिले खरे, पण जागा रिकामी नव्हती. प्युतो आणि कुर्बव्हा या येथल्या उपनगरांच्या बाजूला छोटे कारखाने, गॅरेज आणि बैठी घरे होती, तर नाँतेर या उपनगराच्या बाजूला अल्जीरियाहून आलेल्या कामगारांच्या झोपडवस्त्या होत्या. चकचकीत माहितीपत्रकांत हा भाग नसतो, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता स्लॅबविषयी. त्या काळच्या नगररचनाकारांची ठाम समजूत होती की चालणारा माणूस आणि मोटार यांना एका पातळीवर ठेवणे हीच जुन्या शहरांची मूळ चूक आहे. १९६४ च्या आराखड्यात ही समजूत शब्दशः उतरवली गेली. मोटारी, बस, रेल्वे, वाहनतळ, मालाची ने-आण, नळ आणि तारा हे सगळे खाली, वर फक्त माणसे आणि त्यांच्यासाठी एक लांबच लांब पटांगण. मनोऱ्यांचे मापही ठरवून दिले होते. तळ ४२ बाय २४ मीटर आणि उंची शंभर मीटरपर्यंत, म्हणजे सगळे सारख्या ठोकळ्यांसारखे. त्यातला पहिला, नोबेल मनोरा, १९६६ मध्ये पूर्ण झाला. पुढे कंपन्यांची भूक वाढली, मापे सैल झाली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला विजयकमानीच्या पाठीमागे मनोऱ्यांची डोकी दिसू लागल्यावर पॅरिसमध्ये मोठा गदारोळ झाला. पाठोपाठ तेलसंकट आले, कार्यालयांना गिऱ्हाईक मिळेना आणि काही वर्षे सगळे ठप्प झाले. तुम्ही आज चालता त्या पटांगणाच्या आजूबाजूला वेगवेगळ्या दशकांच्या इमारती अशा सरमिसळ का दिसतात, त्याचे कारण या चढउतारांत आहे.

मूळ जमीनही सपाट नाही. सीनच्या काठापासून ग्रांद आर्शच्या दिशेने टेकाड चढत जाते आणि स्लॅब त्या चढावर टप्प्याटप्प्याने बेतलेला आहे. त्यामुळे पायाखालची पोकळी कुठे एका मजल्याची, तर कुठे अनेक मजल्यांची भरते. तुमच्या इमारतीत दोनचा आकडा आहे, शेजारच्या इमारतीत तो वेगळा असू शकेल, कारण प्रत्येकाने मोजायला आपापल्या खालच्या रस्त्यापासून सुरुवात केली आहे.

माझे मत विचाराल तर स्लॅबची कल्पना अर्धी यशस्वी झाली. मोटारीच्या भीतीशिवाय एवढे अंतर चालता येते ही चैन आहे. पण रस्ता म्हणजे केवळ मोटारीची वाट नसते. रस्त्यावर दार उघडते, दुकान लागते, पत्ता लागतो. ते सगळे रस्त्याबरोबर खाली गेले आणि वर उरले ते फक्त मोकळेपण.

कुर्बव्हाची_रहिवासी

ओळंबा यांनी इतिहास सांगितलाच आहे, मी राहण्याविषयी लिहिते. गेली नऊ वर्षे आम्ही स्लॅबच्या कडेच्या एका निवासी इमारतीत राहतो. होय, येथे लोक राहतात. रोज कामाला येणाऱ्यांची संख्या साधारण एक लाख ऐंशी हजार सांगितली जाते, त्यांच्या लोंढ्यात आम्ही रहिवासी दिसत नाही एवढेच. सकाळी साडेआठला स्थानकाच्या मधल्या दालनातून उलट्या दिशेने जाऊन पाहावे, म्हणजे दादर आठवते.

पत्त्याचा प्रश्न आमच्या घरी नित्याचा आहे. सामान घेऊन आलेला मुलगा फोन करून म्हणतो की मी तुमच्या दारात उभा आहे. मीही दारात उभी असते. दोघेही खरे बोलत असतो, फक्त तो माझ्या पायांच्या बरोबर खाली, दहा मीटरवर असतो. आता मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारते की तुमच्या डोक्यावर आकाश आहे की छत.

सोयीचे म्हणाल तर लहान मुलांसाठी ही जागा उत्तम आहे. माझी मुलगी सायकल शिकली ती या पटांगणावर, आणि तिच्यामागे धावताना मला एकदाही मोटारीची भीती वाटली नाही. गैरसोय मात्र त्याच मुलीच्या बाबागाडीच्या काळात कळली. स्लॅबवरून खालच्या बसथांब्यावर जायला आमच्या बाजूला एक लिफ्ट आणि एक लांबलचक जिना. लिफ्ट बंद असली की समोर दिसणाऱ्या थांब्यासाठी भल्यामोठ्या वळशाने जायचे किंवा एखाद्या सूटवाल्या अनोळखी माणसाला बाबागाडीचे पुढचे चाक धरायला सांगायचे. लोक धरतात, हे नमूद केले पाहिजे.

दुसरी तक्रार वाऱ्याची. मनोऱ्यांच्या मधल्या फटींतून हिवाळ्यात असा वारा सुटतो की छत्री उघडण्याचा विचार नवखाच करतो. छत्री उलटी झालेला माणूस दिसला की तो नवीन आहे हे आम्ही ओळखतो.

एक गोष्ट मात्र लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून सांगते. खालच्या त्या जगाला श्वास घ्यावा लागतो. पटांगणावर रंगीबेरंगी नळ्यांचा एक उंच खांब तुम्ही पाहिला असेल. तो खालच्या हवेचे धुरांडे आहे. मोरेती या चित्रकाराने ते ६७२ रंगीत नळ्यांनी मढवले आणि ३२ मीटर उंचीच्या त्या धुरांड्याला लोक आता शिल्प समजतात. मिरो या कलावंताच्या रंगीत आकृती आणि काल्डर या शिल्पकाराचा तो अवाढव्य लाल कोळीही येथेच आहेत. मला व्यक्तिशः धुरांडे जास्त आवडते, कारण ते काहीतरी काम करते.

शनिवारी ‘क्वात्र ताँ’ या बाजारसंकुलात पाय ठेवायला जागा नसते आणि रविवारी संध्याकाळी त्याच पटांगणावर आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो. नाताळच्या आधी बाजार भरतो तेव्हा तेवढी उब येते. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये जलतरणाच्या शर्यती ग्रांद आर्शमागच्या बंदिस्त क्रीडागारात झाल्या, तेव्हाचे दिवस वेगळे होते. फ्रान्सचा लेओं मार्शां पोहत असताना आमच्या खिडकीतसुद्धा आरोळी ऐकू आल्याचे माझे यजमान शपथेवर सांगतात. मला ती ऐकू आली नव्हती.

खाडीपलीकडे

मी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात काम करतो आणि दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त आठवडाभर ला देफाँसला जाऊन आलो. दोन्हीकडचा मूळ हेतू एकच होता. जुन्या व्यापारी पेठेवरचा भार कमी करायचा आणि नवी पेठ वसवायची. तिकडे १९५८, आपल्याकडे १९७७ मध्ये या भागाचे नियोजन एमएमआरडीएकडे सोपवले गेले. मिठी नदीच्या काठची दलदल भरून आपण जमीन केली, त्यांनी जमिनीवर स्लॅब टाकून दुसरी जमीन केली. शिवाय विमानतळ शेजारी असल्यामुळे आपल्याकडे उंचीवर बंधन आले. त्यामुळे नाव व्यापारी संकुलाचे असले तरी ला देफाँससारखी मनोऱ्यांची दाटी तेथे दिसत नाही.

मला खरा फरक जाणवला तो कार्यालयापर्यंत पोहोचण्यातला. ला देफाँसला जलद रेल्वे १९७० मध्येच आली, म्हणजे बहुतेक मनोरे उभे राहण्याच्या आधी. आपल्या संकुलात भुयारी मेट्रो आली ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे कार्यालये भरून वाहू लागल्यावर कितीतरी वर्षांनी. तोपर्यंत वांद्रे किंवा कुर्ला स्थानकाबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत घाम पुसत उभे राहणे हाच आमचा मार्ग होता. त्यामुळे कुर्बव्हाच्या ताईंची लिफ्टची तक्रार मी सहानुभूतीने वाचली, पण थोडा हेवाही वाटला. पदपथ सलग असता तर मी स्लॅबसुद्धा मागितला नसता.

मुठाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उभ्या छेदाची कल्पना इतकी पटली की कार्यालयातल्या फळ्यावर मी आमच्या इमारतीचा छेद काढून पाहिला. फ्रेंच सहकाऱ्यांनी त्यात दोन चुका काढल्या आणि मग त्यांच्यातच तिसऱ्या तळघरावरून वाद लागला.

आणखी एक शंका विचारतो. ग्रांद आर्श विजयकमानीच्या अगदी समोरासमोर नाही, किंचित तिरपी आहे, हे पायऱ्यांवर उभे राहिल्यावर माझ्या लक्षात आले. आमच्याकडचा एक जण म्हणतो की बांधताना आखणी चुकली आणि नंतर ते लपवण्यासाठी कलात्मक कारणे दिली गेली. यात काही तथ्य आहे का?

ओळंबा

आखणी चुकलेली नाही. तिरपेपणाचे मुख्य कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच आहे, म्हणजे पायाखाली.

ग्रांद आर्शचा आराखडा योहान ओटो फोन स्प्रेकेल्सेन या डॅनिश वास्तुरचनाकाराचा. अध्यक्ष मितराँ यांच्या कारकिर्दीत झालेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून तो निवडला गेला. सुमारे ११० मीटर उंच आणि जवळपास तेवढाच रुंद असा हा पोकळ घन, वजन सुमारे तीन लाख टन. हे वजन जमिनीत उतरवायला बारा अजस्र खांब लागले. आता कल्पना करा की ते खांब जेथे उतरवायचे तेथे आधीच जलद रेल्वेचे स्थानक आहे, भविष्यातल्या महामार्गाची आणि मेट्रोची जागा राखलेली आहे आणि त्यांतल्या एकालाही हलवता येत नाही. घन ऐतिहासिक रेषेवर सरळ ठेवला असता तर खांब रुळांवर आले असते. म्हणून तो सुमारे ६.३३ अंशांनी फिरवला आणि खांब मधल्या रिकाम्या पट्ट्यांत उतरवले. योगायोग असा की रेषेच्या दुसऱ्या टोकाचा लूव्र राजवाडाही तिच्याशी साधारण तेवढाच तिरपा आहे. त्यामुळे दोन्ही टोकांचा मेळ बसला आणि बाजूची भिंत दिसू लागल्याने घनाची खोलीही डोळ्यांना जाणवू लागली. तुमचा सहकारी जी ‘कलात्मक कारणे’ म्हणतो ती ही. ती नंतर सुचली असोत वा आधी, खांबांना मात्र दुसरी वाट नव्हती. स्प्रेकेल्सेन काम पूर्ण होण्याआधीच, १९८७ मध्ये, वारले. फ्रेंच वास्तुरचनाकार पॉल आंद्र्यू यांनी ते तडीस नेले आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला, जुलै १९८९ मध्ये, उद्घाटन झाले.

खालच्या जगाची खरी गंमत मात्र मेट्रोच्या बाबतीत झाली. एक क्रमांकाचा मार्ग येथवर वाढवायचा हे आधीच ठरलेले असल्यामुळे स्लॅब बांधताना त्याच्यासाठी दोन स्थानकांच्या पोकळ्या काँक्रीटमध्ये तयार करून ठेवल्या होत्या. प्रत्यक्ष काम निघाले तेव्हा सीनखालून बोगदा काढण्याचा खर्च वाचवण्यासाठी गाडी नोयीच्या पुलावरून, मोटारींच्या शेजारून नेण्याचे ठरले. त्यामुळे बोगद्याची दिशा आणि पातळी बदलली आणि १९९२ मध्ये मेट्रो आली ती वेगळ्याच जागी. राखून ठेवलेल्या त्या पोकळ्यांना एकही रूळ लागला नाही. त्यांतली एक बाजारसंकुलाच्या खालीच आहे. शनिवारी तुम्ही तेथे मोजे घ्यायला गेलात तर तुमच्या पायाखाली एक अख्खे स्थानक असेल, ज्यात आजवर एकही गाडी थांबलेली नाही.

कुर्बव्हाची_रहिवासी

त्या स्थानकाविषयी मला नऊ वर्षांत कोणी सांगितले नव्हते. यजमानांना सांगितले तर म्हणाले, मग निदान वाहनतळ तरी करा त्याचा.

मुठाकाठ यांच्यासाठी एक व्यवहारातली गोष्ट राहिली. येथे रस्त्याचे नाव सांगून कोणाला विचारू नका, मनोऱ्याचे नाव सांगा. रस्त्याचे नाव टपालवाल्याला ठाऊक असते, मनोऱ्याचे नाव सगळ्यांना. आणि मे २०२४ पासून जलद रेल्वेचा ई मार्गही येथे आला आहे. त्याचे स्थानक क्निटच्या खाली पुष्कळ खोलवर आहे, तेव्हा त्या मार्गाने येणार असाल तर सरकत्या जिन्यांचा वेळ धरून घरून निघा.

मुठाकाठ

मनोऱ्याच्या नावाचा उपाय लागू पडला. काल संध्याकाळी निघताना मलाच एका नवख्या माणसाने अडवून पत्ता विचारला. फोनवरचा निळा ठिपका आमच्याच इमारतीवर होता आणि तो माणूस कठड्याशी उभा राहून खाली पाहत होता. मी त्याला विचारले की तुम्हाला माणूस म्हणून जायचे आहे की सामान म्हणून. तो छपाईयंत्र दुरुस्त करायला आला होता आणि त्याची गाडी खाली उभी होती, तेव्हा त्याला मालाच्या दाराकडे उतरणारा जिना दाखवला आणि मी मेट्रोकडे निघालो.